आजोबांची रंधा मशीन: रंग नंतर, आधी कटर ब्लॉक बघा

धुळ्याच्या बॅचमध्ये एका सुतारभाऊंनी मोबाईलवर फोटो दाखवला. आजोबांची बिडाची रंधा मशीन, कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाटाखाली पडलेली. "सर, भंगारवाला किलोवर मागतोय. देऊन टाकू की चालू करू?" व्हिडिओत हे घाईत झालं, म्हणून इथे नीट लिहितो.

वारशाने आलेली मशीन फुकट नसते. समजा वजन 300 किलो आणि भंगाराचा भाव 30 रुपये, तर 9,000 रुपये तुम्ही आत्ताच तिच्यात घातलेत. मोटर, बेअरिंग, पट्टा, पाती, मजुरी त्यावर वेगळी. ही बेरीज नव्या मशीनच्या कोटेशनशेजारी एकाच कागदावर मांडा.

पण कागदाच्याही आधी, पट्टा काढून, कटर ब्लॉक बघा. पाती ज्या लोखंडी दांड्यावर बसतात तो गोल आहे की चौकोनी? चौकोनी ब्लॉक फिरताना टेबल आणि ब्लॉक यांच्यामध्ये मोठी फट पडते. हात घसरला तर बोटं खोल ओढली जातात. गोल ब्लॉकमध्ये ही फट अगदी कमी. ब्रिटनने हाताने लाकूड सरकवायच्या रंध्याला गोल ब्लॉक 1922 च्या नियमांनी सक्तीचा केला, आणि आपल्याकडे अजून कुठे कुठे चौकोनी फिरतोय! तो बदलायलाच हवा. कंपनीचा तयार, बॅलन्स केलेला घ्या. गल्लीतल्या लेथवर रॉड तासून करून घेऊ नका.

दुसरी चूक मोटरची. या मशीनी पट्ट्यावर चालतात, आपल्या पिठाच्या गिरणीसारख्या. जुनी मोटर जळालेली असते, मग बाजारातून मिळेल ती बसवतात. हिशोब सोपा आहे: मोटरचे फेरे गुणिले मोटरची पुली, भागिले ब्लॉकची पुली. मोटर 1440 ची, पुली 200 मिमी, ब्लॉकची 70 मिमी. ब्लॉक मिनिटाला साधारण 4,100 फेरे घेतो. तिथेच 2880 ची मोटर लावली तर 8,200! वेग दुप्पट झाला की पात्यांना बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. म्हणून मोटरची पाटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. थ्री फेज असेल तर पट्टा चढवण्याआधी फिरण्याची दिशा बघा. उलटी असली तर इलेक्ट्रिशियन दोन वायरी आपसात बदलून देईल.

गंज? सुट्या लोखंडी भागांना तारेचा ब्रश, रॉकेल आणि सवड पुरते. टेबलाच्या वरच्या बाजूला ग्राइंडर मात्र लावू नका, सपाटी गेली की रंधा गेला. रंग सगळ्यात शेवटी. (लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात.)

त्या भाऊंचा ब्लॉक चौकोनी निघाला. नव्या ब्लॉकचं आणि बेअरिंगचं कोटेशन मागवलंय. तोवर मशीन गोणपाटाखालीच ठेवा, असं त्यांना सांगितलंय, आणि भंगारवाल्यालाही थांबवायला सांगितलंय.