नफ्याबरोबर पाण्याचाही हिशेब
२०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरमध्ये हजारो कूपनलिका आटल्या, टँकरची वाट पाहण्याची पाळी आली. अशा शहरात कंपन्या किती पाणी वापरतात, हा प्रश्न गृहिणींचाही ठरतो.

पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळूरला स्थिरावलेल्या इन्फोसिसने १९९६ मध्ये समाजकार्यासाठी प्रतिष्ठान काढले, तेव्हा सक्ती नव्हती. २०१४ पासून मात्र ठराविक मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. २०२२-२३ पासून शेअरबाजारातील पहिल्या १००० कंपन्यांना पाणी, वीज, कचरा यांचा तपशीलही जाहीर करावा लागतो.

देणगीसमारंभाची छायाचित्रे देखणी असतात, पण खरी परीक्षा आकड्यांची. घरात शेअर असतील, तर वार्षिक अहवालातले पाण्याचे आकडे जरूर पाहा. गेल्या वर्षीपेक्षा ते वाढले की घटले?