मागाहून वाचू!

आमच्या आप्पांची एक कात्रणांची वही होती. वही म्हणजे कचेरीतून रद्दीत निघालेली, निम्मी कोरी राहिलेली जाडजूड खतावणी. तिच्यात वर्तमानपत्रांतली कात्रणे खळीने चिकटवलेली असत. आप्पांचा एक नियम होता. मजकूर आवडला म्हणून लगेच कात्री लावायची नाही. तांबड्या पेन्सिलीने फुली करून अंक बाजूला ठेवायचा आणि शनिवारी संध्याकाळी सगळी चळत पुढ्यात घेऊन बसायचे. आठवड्यात फुल्या पडत पंधरा-वीस; कापली जात दोन किंवा तीन कात्रणे. "अरे, सोमवारी गोड लागलेलं शनिवारपर्यंत आंबतं," असे ते म्हणत, आणि बाकीचे अंक रद्दीवाल्याच्या तराजूत जात.

त्याच आप्पांचा मी चिरंजीव! गेल्या श्रावणात मोबाईलमध्ये 'मागाहून वाचू' म्हणून ठेवलेले लेख मोजले, तेव्हा ते एक हजार आठशे सेहेचाळीस भरले. जपान्यांच्या भाषेत पुस्तके विकत घेऊन न वाचता रचून ठेवण्याला 'त्सुंदोकु' असा खास शब्द आहे. पण पुस्तकांची चळत निदान घरात दिसते तरी. तिच्यावरची धूळ झटकताना गृहिणी दोन शब्द बोलते आणि माणूस शरमेने का होईना, वरचे पुस्तक उचलतो. मोबाईलातल्या चळतीवर धूळ बसत नाही आणि सौ.लाही तिचा पत्ता नसतो.

मोजदाद करावी लागली ती एका विद्यार्थिनीमुळे. आमच्या वर्गाचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. काही चांगले दिसले की त्याची लिंक मी तिथे टाकतो. 'जरूर वाचा' असे दोन शब्दही जोडतो. मे महिन्याच्या सुट्टीत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशावरचा एक लांबलचक लेख मी असाच पाठवला होता. १८३१ साली निघालेला आणि १८५७ साली सुधारून वाढवलेला तो कोश अजूनही आम्हां मास्तरांच्या हाताशी असतो. आता तर शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात तो घरबसल्या पाहता येतो. तेव्हा लेख चांगला असणारच, असे मी धरून चाललो होतो.

ऑगस्टमध्ये तासाला ही मुलगी उभी राहिली. "सर, त्या लेखात शेवटी लेखकानं आपलंच आधीचं म्हणणं मागं घेतलंय ना? मग आम्ही कुठलं धरायचं?"

मी खडूचा तुकडा उगाच बोटांत फिरवला. लेखाचे पहिले तीन परिच्छेद तेवढे मी वाचले होते. "चांगला प्रश्न आहे. पुढच्या तासाला सविस्तर बोलू," असे म्हणून मी वेळ मारून नेली. वीस वर्षे शिकवल्यावर हे वाक्य आपोआप तोंडातून येते. मुलगी खाली बसली, पण तिने माझ्याकडे जे पाहिले ते मला घरापर्यंत पुरले.

घरी येऊन लिंक उघडली, तर पान जागेवर नाही! संकेतस्थळाची रचना बदलली होती आणि जुने पत्ते मोडले होते. हा काही माझाच खास दुर्दैवयोग नव्हे. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली असा निष्कर्ष काढला की, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी सापडत नाहीत. पान राहो, ती ठेवायचे कपाटही राहत नाही. गूगलचे 'रीडर' २००५ साली निघाले आणि १ जुलै २०१३ ला बंद झाले; लेख साठवण्याचे 'पॉकेट' २००७ पासून चालू होते, तेही २०२५ च्या जुलैत मिटले. खळीने चिकटवलेली आप्पांची कात्रणे पिवळी पडली, पण वही अजून माळ्यावर आहे.

अशा वेळी एक दार ठोठावून पाहावे. सॅन फ्रान्सिस्कोत १९९६ साली स्थापन झालेली 'इंटरनेट अर्काइव्ह' नावाची संस्था जगभरच्या पानांच्या प्रती काढून ठेवते, आणि २००१ पासून त्या कोणालाही पाहता येतात. तिच्या 'वेबॅक मशीन'मध्ये मेलेल्या पानाचा पत्ता घालावा. नशिबात असेल तर जुनी प्रत उघडते. माझ्या नशिबात अर्धेच होते. लेख दोन पानांचा होता, त्यातले पहिले मिळाले. मागे घेतलेले म्हणणे दुसऱ्यावर!

पुढच्या तासाला दोन दिवस होते. त्या दोन रात्री मी फक्त चळत उपसली. बाराशेच्या वर लेख तर नावे पाहूनच काढून टाकले. तीनएक वर्षांपूर्वी मी हे कशासाठी ठेवले होते, ते माझे मलाच आठवेना! नव्या लेखांसाठी रतीब लावला. वाचकांपैकी पुष्कळांना ही सोय ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगतो. बऱ्याच संकेतस्थळांवर नव्या मजकुराची एक यादी आपोआप तयार होत असते. तिला 'आरएसएस' म्हणतात. ही युक्ती १९९९ सालची आहे. आपण आवडत्या दहा-बारा स्थळांची नावे एका वाचकयंत्रणेला देऊन ठेवायची. ती वेळोवेळी त्या याद्या पाहून येते आणि नवे ते एके ठिकाणी, तारखेप्रमाणे मांडते. दूधवाला घरी दूध घालतो तसे. आपण काय पाहावे हे ठरवणारा तिसरा माणूस मध्ये येत नाही. मात्र रतीब पेलेल इतकाच लावावा. मी आरंभी चाळीस स्थळे घेतली आणि आठवड्यात घरभर दूध सांडले. आता अकरा आहेत. यातले जे आवडेल त्यावर फुली. शनिवारी संध्याकाळी चहाबरोबर त्या फुल्या तपासायच्या आणि खरोखर ठेवायचे असेल ते सरळ छापून काढायचे. छपाईच्या कागदाचा खर्च पाहून सौ. म्हणाली, "अहो, वहीच आणा की एक!" आणली.

राहता राहिला तो तास. दुसऱ्या पानाचा पत्ता लागला नव्हता. मी वर्गात गेलो, हजेरी घेतली आणि सांगून टाकले की तो लेख मी पुरता वाचलेला नव्हता आणि आता तो मिळतही नाही. मागच्या बाकांवर जरा हशा झाला. ती मुलगी मात्र हसली नाही.

"सर, माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "घरात मोबाईल एकच. रात्री दादाला लागतो, म्हणून मी महत्त्वाचं वहीत उतरून घेते."

शंभर पानी वहीत बारीक अक्षरात चार पाने भरली होती. समासात दोन ठिकाणी प्रश्नचिन्हे होती, आणि त्यांतले एक मे महिन्यापासून माझी वाट पाहत होते.

"वाच," मी म्हणालो, आणि खडू ठेवून पहिल्या बाकावर जाऊन बसलो.