यजमानांचा रिपोर्ट आणि तुमचं ताट

हळदीकुंकवाला चारजणी जमल्या की हल्ली एकीच्या तरी यजमानांचं ‘फॅटी लिव्हर’ निघालेलं असतं. पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी केली आणि कागदावर आलं: यकृतात चरबी. जोडीला रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलेलं. मग दुसऱ्या दिवसापासून घरात दुधी भोपळ्याचं राज्य! यजमानांच्या वरणावरचं तूप बंद, तळण बंद. आणि गृहिणी? ती मात्र पातेल्यातला उरलेला भात, मुलांनी टाकलेली अर्धी पोळी आणि ते बाजूला सारलेलं तूप ‘वाया नको जायला’ म्हणून संपवून टाकते.

मैत्रिणींनो, आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या ताटाबद्दल.

‘अहो, पण हे तर दारूच्या थेंबालाही शिवत नाहीत!’ असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. दारूने यकृत बिघडतं, पण दारू न पिणाऱ्या माणसाच्या यकृतातही चरबी साठते. गरजेपेक्षा जास्त गेलेली साखर आणि मैद्या-तांदळाचं पीठूळ अन्न यांची चरबी बनवण्याचं काम यकृतच करतं. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉलही तिथेच तयार होतं. म्हणून ही दोन दुखणी बहुधा हातात हात घालून येतात. यकृत मात्र तक्रार करत नाही. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, आणि काहीजणांत पुढे ते कडक होऊन निकामी होण्यापर्यंत मजल जाते. त्याहीआधी धोका असतो तो हृदयाला.

आता आपल्या डब्यांकडे वळू. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, एवढ्यानेच माणशी महिन्याला किलोभर साखर पोटात जाते. लाडू, शिरा अजून धरलेलाच नाही. गूळ वापरला तर चालेल ना, असं पुष्कळजणी विचारतात. यकृताला त्यात फारसा फरक कळत नाही, बरं का! चहाबरोबरची खारी, टोस्ट, नानकटाई म्हणजे मैदा आणि घट्ट चरबी दोन्ही एकदम. त्याऐवजी मूठभर फुटाणे बरे.

तेलाचं म्हणाल तर माणशी महिन्याला अर्धा लीटर, म्हणजे दिवसाला तीन-साडेतीन चहाचे चमचे, ही मर्यादा बरी. किटलीतून फोडणीत धार सोडणं बंद करा. चौघांचं कुटुंब असेल तर दोन लीटर पहिल्या तारखेला वेगळं काढून ठेवा आणि ते कधी संपतं ते पाहा. पहिल्या महिन्यात वीस तारखेलाच डबा रिकामा होईल, पण त्यातूनच अंदाज येतो. पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल नाही’ या अक्षरांना भुलू नका. कुठल्याच वनस्पतिजन्य तेलात ते नसतं. म्हणून तेल जास्त ओतावं असं नाही. तूप चमचाभर चालेल, वाटीभर नाही. तळून उरलेलं तेल पुन्हापुन्हा तापवू नका. उसळी, मोड आलेली मटकी, चवळी, पालेभाज्या, सालासकट फळं मात्र वाढवा. त्यांतल्या चोथ्याने कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते.

उपवासाचं काय सांगावं! ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच आज्यांनी केली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ सत्त्व, त्यात बटाटा, तूप आणि दाण्याचं कूट. उपवास सोडू नका, पण त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी, ताक, काकडीची कोशिंबीर असं काही करून पाहा.

‘मी दिवसभर राबते, मला वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न ठरलेलाच. घरकामाने दमणूक होते हे कोण नाकारील? पण ते तुटक असतं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, अशा चालीने रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चाला. वजन तसूभर हललं नाही तरी यकृतातली चरबी चालण्याने कमी होते. आणि वजन उतरलं तर फारच उत्तम. सत्तर किलोच्या बाईचे साडेतीन किलो गेले तरी यकृतात फरक पडू लागतो. पाच ते सात गेले तर त्याची सूजही ओसरू शकते. मात्र आठवड्याला अर्ध्या किलोहून घाई नको. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवलं तर यकृत उलट आणखी बिघडू शकतं.

काढ्यांच्या बाबतीत जरा जपून. कोरोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, रोज गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली आहे. शेजारणीने सांगितलेलं ‘लिव्हर टॉनिक’ही नको. आणि कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर पथ्य सुरू केलं म्हणून ती परस्पर बंद करायची नाही.

आता शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि कंबर मोजा. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या पुढे गेली असेल तर तपासणी तुमचीही व्हायला हवी. पाळी थांबल्यावर तर कोलेस्टेरॉल वाढतंच, आणि यकृतातही चरबी जास्त साठू लागते. थायरॉइड मंद असेल तरी कोलेस्टेरॉल चढतं, म्हणून तेही तपासून घ्या. बायका हे सगळं ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून देतात.

यजमानांना तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायला बोलावलं असेल. त्या सकाळी चिठ्ठीवर तुमचंही नाव घालून घ्या आणि दोघं मिळून जा. प्रयोगशाळा जवळ असेल तर चालतच. थर्मासमध्ये चहा न्या, बिनसाखरेचा.