महाराष्ट्रातील शालेय शिक्षणात मोबाइल व समाजमाध्यमांचा वापर

अध्यापन, गृहपाठ, मूल्यमापन आणि शाळा व पालक यांच्यातील संपर्क यांसाठी स्मार्टफोन, टॅब यांसारखी हाती बाळगता येणारी साधने आणि व्हॉट्सॲप, यूट्यूब यांसारखी माध्यमे वापरण्याची पद्धत महाराष्ट्रातील शाळांत प्रामुख्याने २०१५ नंतर रुजली. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड, कोरोनाकाळातील दूरस्थ शिक्षण आणि वर्गनिहाय व्हॉट्सॲप गट ही तिची ठळक रूपे होत. या पद्धतीचे एक वैशिष्ट्य सुरुवातीलाच लक्षात घ्यावे लागते. यातील साधन बहुतेक वेळा शाळेच्या मालकीचे नसून शिक्षकाच्या किंवा पालकाच्या खिशातले असते. पुढील बरेचसे लाभ आणि बरेचसे वाद या एका गोष्टीतून निर्माण झाले आहेत.

पार्श्वभूमी

शाळांत संगणक पोहोचवण्याचे सरकारी प्रयत्न जुने आहेत. केंद्र सरकारने २००४ मध्ये माध्यमिक शाळांसाठी माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची योजना सुरू केली. तिच्या केंद्रस्थानी संगणक कक्ष होता. अशा कक्षाला स्वतंत्र खोली, अखंड वीज, देखभाल आणि प्रशिक्षित माणूस लागतो. ग्रामीण भागात यांपैकी एक गोष्ट असे तेव्हा दुसरी नसे. मोबाइलने ही अट बदलली, कारण त्याला खोली लागत नाही आणि त्याची बॅटरी काही तासांची वीजकपात निभावून नेते.

२२ जून २०१५ च्या शासननिर्णयाद्वारे राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. या काळात लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब व दूरचित्रवाणी संच घेणाऱ्या जिल्हा परिषद शाळांची लाट आली आणि ‘डिजिटल शाळा’ हा शब्द गावोगावी रूढ झाला. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील शाळा तिचे उदाहरण म्हणून विशेष गाजली. राज्यभरच्या शिक्षकांचे व्हॉट्सॲप गट याच सुमारास वाढीस लागले. एका तालुक्यात तयार झालेला खेळ, चित्रफीत वा प्रश्नसंच त्यांतून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातील वर्गात पोहोचू लागला. अधिकृत प्रशिक्षणांच्या इतिहासात या देवाणघेवाणीची नोंद फारशी सापडत नाही. प्रत्यक्षात तिचा प्रभाव कमी नव्हता.

पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, चित्रफिती, गोष्टी व स्वाध्याय विद्यार्थ्यांना उपलब्ध करून दिले. ही कल्पना पुढे राज्यस्तरावर स्वीकारली गेली आणि बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या पुस्तकांतही नंतर ते आले. डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

क्यूआर कोडमध्ये धडा किंवा चित्रफीत साठवलेली असते, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. तो बरोबर नाही. छापील चौकोनात केवळ एक सांकेतिक पत्ता असतो. मोबाइलचा कॅमेरा तो वाचतो, इंटरनेटवरील संग्रहाशी जोडणी होते आणि त्या पत्त्याला जोडलेला मजकूर उघडतो. याचा मोठा फायदा असा की पुस्तक एकदा छापल्यावरही त्यामागील साहित्य बदलता किंवा वाढवता येते. तोटाही त्यातूनच येतो. संग्रहातील दुवा तुटला किंवा तेथे काही ठेवलेच गेले नाही, तर पानावरचा चौकोन मुका राहतो.

हा संग्रह म्हणजे ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ होय. त्याचे उद्घाटन ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी झाले. ते ‘सनबर्ड’ या मुक्तस्रोत आज्ञावलीवर उभारलेले आहे. दीक्षावरील कोडखाली सहा अक्षर-अंकांचा संकेतही छापतात. कॅमेरा खराब असल्यास तो टंकून साहित्य शोधता येते. एकदा उतरवून घेतलेले साहित्य इंटरनेटशिवाय पाहता येते. डोंगराळ भागातील शिक्षक तालुक्याच्या गावी साहित्य उतरवून घेतात व शाळेत दाखवतात, ते या सोयीमुळे.

टाळेबंदीचा काळ

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीचे वर्ग राज्यात पुन्हा प्रत्यक्ष भरू लागण्यास डिसेंबर २०२१ उजाडला. २०२० साली पहिलीत नाव घातलेले मूल शाळेची पायरी न चढताच दुसरीत गेले. अक्षरओळखीच्या वयातील हा खंड मोबाइलवर भरून काढायचा होता.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमातून रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर पाठवण्यास सुरुवात केली. परिषदेपासून जिल्हा, तालुका, केंद्र, शाळा आणि अखेर पालक अशी गटांची उतरंड तयार झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘स्वाध्याय’ ही व्हॉट्सॲपवर आधारित चाचणीयोजना आली. विद्यार्थ्याने ठरावीक क्रमांकावर संदेश पाठवून इयत्ता निवडायची, बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे आणि उत्तरे लगेच तपासून घ्यायची, अशी तिची रीत होती. वेगळे ॲप उतरवून घ्यावे लागत नसल्याने ती साध्या स्मार्टफोनवरही चाले.

मात्र स्मार्टफोन सर्वत्र नव्हता. ‘असर’ सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे, अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झाले. त्यामुळे जुनी माध्यमे पुन्हा कामी आली. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ आणि दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही मालिका प्रसारित झाली. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ‘बोलकी शाळा’ या उपक्रमात ध्वनिवर्धकावरून धडे ऐकवले गेले. सोलापूरच्या नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर पाठ रंगवण्यात आले. भिंतीला रिचार्ज लागत नाही, हे या शेवटच्या उपक्रमाचे मर्म म्हणता येईल.

साधन कोणाच्या हाती

घरात स्मार्टफोन असणे आणि मुलाला तो अभ्यासासाठी मिळणे या भिन्न गोष्टी आहेत. २०२१ च्या ‘असर’ अहवालात घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांचे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेले होते. परंतु त्यांतील २६.१ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. अनेक कुटुंबांत एकच फोन असतो आणि तो कमावत्या माणसाबरोबर सकाळी शेतावर किंवा कामावर जातो. सकाळी दहा वाजता पाठवलेला अभ्यास अशा घरात रात्री उघडला जातो. दोन-तीन भावंडे असतील तर पाळी लावावी लागते आणि त्या पाळीत धाकट्यांचा क्रमांक शेवटी येतो.

यानंतरच्या काळात साधनांची टंचाई कमी झाली आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो, असे सांगितले. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणविषयक कामासाठी, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी त्रासदायक खाते रोखणे किंवा त्याची तक्रार करणे ६२ टक्क्यांना, तर आपले खाते खासगी ठेवणे ५५.२ टक्क्यांना ठाऊक होते. म्हणजे जवळजवळ निम्मी मुले आपले दार कसे लावायचे हे न शिकताच या बाजारपेठेत उतरलेली आहेत. शाळेच्या अभ्यासक्रमात या कौशल्यांना ठरावीक तासिका नसल्याने ती मुले एकमेकांकडूनच शिकतात.

शिक्षकांचे काम

व्हॉट्सॲप गटांनी शिक्षकाचा पालकांशी संपर्क सोपा केला, त्याचप्रमाणे त्याच्यावरील देखरेखही सोपी केली. उपक्रमाचे छायाचित्र, उपस्थितीची आकडेवारी, तातडीची माहिती यांची मागणी गटावर कोणत्याही वेळी येऊ लागली. नोव्हेंबर २०१६ मध्ये शालेय शिक्षण विभागाने विद्यार्थ्यांची उपस्थिती नोंदवण्यासाठी शिक्षकांनी दर आठवड्याला दहा-दहा मुलांच्या गटांसोबत स्वतःचे छायाचित्र काढून ‘सरल’ प्रणालीत भरावे, असा आदेश काढला. शाळाबाह्य मुलांचा शोध लागावा, हा त्यामागील हेतू होता. पटावर शंभर मुले असलेल्या शाळेत याचा अर्थ दर आठवड्याला दहा छायाचित्रे असा होत असे, तेही अनेक ठिकाणी नेटवर्क नसताना. शिक्षक संघटनांनी तीव्र विरोध केल्यावर हा आदेश बारगळला. शिकवण्याचा वेळ शिकवल्याचा पुरावा गोळा करण्यात जातो, ही शिक्षकांची तक्रार मात्र कायम आहे आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.

निर्बंध आणि मुलांची माहिती

शाळेत मोबाइल असावा की नसावा, हा वाद जगभर आहे. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून साधारण १५ वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना शाळेत मोबाइल वापरण्यास मनाई केली. ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येऊ नये, असा नियम १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. महाराष्ट्रात असे प्रयोग गावपातळीवर झालेले दिसतात. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने त्याच वर्षी १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइलवापरावर बंदीचा ठराव केला. वडगावच्या पद्धतीत मोठ्यांनाही फोन खाली ठेवावा लागतो. हा भेद महत्त्वाचा आहे. फक्त मुलांवर घातलेली बंदी पाळून घेणे कठीण जाते.

व्हॉट्सॲपच्या सेवाशर्तींनुसार ते वापरण्याचे किमान वय १३ वर्षे आहे. त्यामुळे प्राथमिक शाळेचे वर्गगट पालकांच्या क्रमांकांचेच असतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी लागते, तसेच तिच्या वर्तनाचा मागोवा घेण्यास मनाई आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील बहुतेक बंधने टप्प्याटप्प्याने अंमलात येणार आहेत. शैक्षणिक कामासाठी व मुलांच्या सुरक्षिततेसाठी लागणाऱ्या नोंदींबाबत शैक्षणिक संस्थांना त्यात काही सवलत दिलेली आहे. स्नेहसंमेलनाची किंवा गणवेशवाटपाची छायाचित्रे मुलांच्या नावांसह खुल्या समाजमाध्यमांवर टाकण्याचा प्रघात या सवलतीत कितपत बसतो, याचा विचार प्रत्येक शाळेला करावा लागणार आहे.