वाळूचा ढीग आणि किल्लारीची भिंत

जो नियम वाळूच्या ढिगाला, बाजारभावाला आणि धरणीकंपाला सारखाच लागू पडतो, तो प्रत्यक्षांत कोणाच्या उपयोगीं पडणार? ही शंका रास्त आहे, आणि तिची कसोटी मराठवाड्याच्या भूमीनेंच पाहिली आहे.

१९८७ सालीं पेर बाक व त्यांचे दोन सहकारी यांनीं ढिगाचा दृष्टांत मांडला. एकेक कण टाकीत गेलें म्हणजे उतार अखेर अशा स्थितीस येतो, कीं पुढील कणानें चार दाणे घसरतील किंवा अवघी बाजू कोसळेल. लहान घसरणी पुष्कळ, मोठ्या विरळा. भूगर्भांतील ताणहि असाच सांचतो व सुटतो, असें कित्येक शास्त्रज्ञांना वाटतें.

लातूर जिल्ह्यांतील किल्लारीस १९९२ सालीं धक्के बसूं लागले. पुढें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनानंतरच्या पहांटे, सहा रिश्टरहून मोठा भूकंप झाला. सरकारी मोजदादीप्रमाणें सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. उलट, नांदेड शहरांत २००७ च्या सुमारास असेच बारीक हादरे वारंवार जाणवले. पण त्यामागून मोठा भूकंप आला नाहीं. सूचना एकच, परिणाम दोन! कोणता कण ढीग कोसळविणार, हें सिद्धान्त सांगूं शकत नाहीं.

मग तो टाकाऊ म्हणावा काय? तसें नाहीं. ‘लहान धक्क्यांनीं ताण निघून जातो’ ही समजूत तो खोडून काढतो. तीव्रतेचा अंक दोनांनीं वाढला कीं धक्क्यांची संख्या सुमारें शंभरपट घटते, ऊर्जा मात्र हजारपट वाढते. म्हणजे सहाच्या एका धक्क्यामागें चारचे शंभर येतात. त्याचा भार हलका करण्यास हजार लागतील. तेव्हां मोठा धक्का विरळा असला तरी अशक्य नव्हे. किल्लारी पूर्वीच्या नकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत होती. २००२ च्या नकाशानें तिला तिसऱ्या पट्ट्यांत घातलें.

तथापि माणसें मेलीं तीं बहुतांशीं दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीचें जड माळवद यांखालीं. भिंतींत आरपार दगड कोठें घालावे, चोहोंकडून पट्टा कसा बांधावा, हें वाळूचा ढीग शिकवीत नाहीं. तें गवंड्याचें आणि स्थापत्यशास्त्राचें काम. सर्वसामान्य सिद्धान्त इतकेंच बजावतो, कीं तिथीची वाट पाहूं नये. भिंत आजच बांधावी.