सायकलवरून उतरल्यावर



या अंकात दरवेळेप्रमाणे लागणीचा हंगाम, बेणेप्रक्रिया किंवा हुमणीवर न लिहिता मी सायकलवर लिहिणार आहे. ऊस विकास अधिकाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं कुणी म्हणेल. पण लेख शेवटपर्यंत वाचावा. शेवटी आपण खोडव्यावरच येऊन पोहोचणार आहोत.

गेल्या एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, टोळ्या गावाकडे गेल्या आणि मी दोन दिवसांची रजा टाकून भिवंडीला मामांकडे गेलो. मामा आता ऐंशीचे आहेत. 1972 च्या दुष्काळात गावची विहीर आटली तेव्हा पिशवीत दोन कपडे घालून ते भिवंडीला आले आणि यंत्रमागावर लागले. चाळीस वर्षं त्यांनी धोट्याचा खडखडाट ऐकला. त्यामुळे आता त्यांच्याशी जरा मोठ्यानेच बोलावं लागतं. त्यांच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून एक काळी जुनी सायकल उभी असते. चेन गंजलेली, सीट फाटलेली. "मामा, ही भंगारात का घालत नाही?" असं मी सहज विचारलं. त्यावर त्यांनी जे सांगितलं तेच आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

1984 साल

भिवंडी हे कामवारी नदीकाठचं मागांचं गाव. इथे पिढ्यान् पिढ्या विणकाम करणारे मोमीन आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत, उत्तर प्रदेशातले कारागीर आहेत आणि आपल्याकडचे दुष्काळात आलेलेही आहेत. कापडात ताणा आणि बाणा दोन्ही लागतात, नुसत्या एकावर कापड होत नाही. पण या गावाने ताणा-बाणा तुटताना दोनदा पाहिला. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल झाली आणि तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमावा लागला. पुन्हा मे 1984 मध्ये भिवंडी पेटली आणि ती आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली.

मामा त्या रात्री पाळीवर होते. बाजूच्या मागावर काम करणाऱ्या चाचांनी त्यांना हाताला धरून मागच्या बोळातून आपल्या घरी नेलं आणि तीन दिवस ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी मामा खोलीवर आले तेव्हा खोली जळालेली होती. चाचांनी आपली सायकल त्यांना दिली. "कामाला यायला तरी पाहिजे ना," एवढंच ते म्हणाले. तीच ही भिंतीला टेकलेली सायकल.

ते वर्षच तसं होतं. जूनमध्ये अमृतसर, ऑक्टोबरअखेर इंदिराजींची हत्या, त्यापाठोपाठ दिल्लीत शिखांची कत्तल आणि डिसेंबरात भोपाळची वायुगळती. देश उसवत चालला आहे असं साध्या माणसालाही वाटत होतं.

बाबांची सायकल यात्रा

वरोऱ्याजवळच्या आनंदवनात एका माणसाला हे स्वस्थ बसू देत नव्हतं. बाबा आमटे हे नाव आपणा सर्वांना माहीत आहे. हिंगणघाटला सधन घरात जन्मलेला हा वकील सगळं सोडून कुष्ठरुग्णांबरोबर राहायला गेला आणि 1949 मध्ये खडकाळ माळावर त्याने आनंदवन उभं केलं. बाबांना भीक आणि दान यांचा तिटकारा होता. रुग्णाच्या थाळीत कुणी काही टाकण्यापेक्षा त्याच्या झडलेल्या बोटांना काम मिळालं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. तिथल्या रुग्णांनी स्वतः विहिरी खोदल्या, शेती केली आणि भाजीपाला पिकवला. आपल्या सहकाराचा विचार यापेक्षा फार वेगळा नाही.

पुढे बाबांचा मणका निकामी होत गेला. शस्त्रक्रिया झाल्या, पण बसणं कायमचं बंद झालं. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं, मधली सोय नाही. अशा माणसाने ठरवलं की देश जोडायला निघायचं. 24 डिसेंबर 1985 रोजी, साने गुरुजींच्या जयंतीला, कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रा निघाली. आंतरभारतीचं स्वप्न गुरुजींचं होतं, म्हणून तो दिवस. निघाल्यानंतर तिसऱ्या दिवशी बाबांना 71 वर्षं पूर्ण झाली. बरोबर 116 तरुण-तरुणी होते, त्यांत 16 मुली. मुलं सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे. कन्याकुमारी ते काश्मीर, पाच हजार किलोमीटरच्या वर अंतर.

आता हे अंतर आपल्या हिशेबाने बघा. आपल्या गट ऑफिसचा स्लिपबॉय दिवसभरात सायकलवर वीस-पंचवीस किलोमीटर फिरला तरी संध्याकाळी पिंढऱ्या धरतो. ही मुलं महिनोन् महिने रोज सायकल हाणत होती. दक्षिणेचं ऊन, मग उत्तरेची थंडी. भाषा दर काही दिवसांनी बदलणार, जेवण बदलणार, पाणी बदलणार. वाटेत गावोगाव सभा, लोकांशी बोलणं आणि सकाळी पुन्हा पायडलवर पाय. पंजाब धगधगत असण्याचे ते दिवस होते.

मामांनी हे वर्तमानपत्रात वाचलं. तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. आपणही जावं असं त्यांना फार वाटलं. सायकल होती, पण घरी तीन पोरं होती आणि यात्रा तरुणांची होती. ते गेले नाहीत.

शेवटचा गडी

मी मामांना विचारलं, "शंभरावर पोरं, निरनिराळ्या प्रांतांतली. इतक्या लांब एकत्र कशी राहिली असतील?"

मामा म्हणाले, "अरं, तू उसाच्या टोळ्या बघतोस ना? मग मला काय इचारतो?"

खरंच आहे. टोळीत दहा-बारा कोयते असतात. सगळे सारख्या ताकदीचे नसतात. एक जोडपं दणक्यात तोडतं, एकाची बाई बाळंतीण असते, एकाला ताप असतो. पण गाडी भरते ती सगळ्यांच्या मोळ्यांनी. जो पुढे गेला तो आपला पट्टा संपवून बांधावर बसत नाही, मागे पडलेल्याच्या सरीत शिरतो. ज्या टोळीत हे होतं ती टोळी हंगामभर टिकते. ज्या टोळीत होत नाही ती संक्रांतीलाच फुटते, मुकादमाने उचल कितीही दिलेली असो.

सायकलींच्या जथ्याचंही तेच आहे. जथ्याचा वेग सगळ्यांत पुढच्याचा नसतो, सगळ्यांत मागच्याचा असतो. समोरून वारा असला की पुढचा वारा अंगावर घेतो आणि मागच्यांना हलकं जातं. थोड्या वेळाने पुढचा मागे येतो आणि मागचा पुढे जातो. एकाची ट्यूब फुटली की सगळे थांबतात. मुक्कामाला पहिला कोण पोहोचला याला तिथे किंमत नसते, शेवटचा आला की मुक्काम पडला.

उतरल्यावर काय?

1986 मध्ये ती यात्रा पूर्ण झाली. हारतुरे झाले असतील, मुलांनी एकमेकांना मिठ्या मारल्या असतील. एवढे दिवस एका घासाला बसलेली माणसं वेगळी होताना डोळे भरून येणारच. पण बाबा तिथे थांबले नाहीत. 1988 साली पुन्हा तरुण घेऊन ते अरुणाचल प्रदेशातल्या इटानगरहून गुजरातेतल्या ओखापर्यंत निघाले. आधी दक्षिण-उत्तर, मग पूर्व-पश्चिम. जणू देशाला उभा ताणा घालून झाला होता, आता आडवा बाणा घातला. त्यानंतर ते नर्मदाकाठी जाऊन राहिले. 9 फेब्रुवारी 2008 रोजी वयाच्या 93 व्या वर्षी आनंदवनात त्यांनी देह ठेवला.

मामांनी यावर एक वाक्य सांगितलं ते माझ्या मनात रुतून बसलं आहे. म्हणाले, "तीन महिनं सायकल कुणीबी हाणंल. समद्यांचं लक्ष असतं, गावोगाव हार असतात. खाली उतरल्यावर काय करतो ते बघावं माणसानं."

आणि भिवंडीने काय केलं ते त्यांनी सांगितलं. 1988 नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. प्रत्येक वस्तीत दोन्ही समाजांची साधी माणसं आणि पोलीस नियमित एकत्र बसायचे. नळाचं भांडण, पोरांची मारामारी, भोंग्याचा आवाज, जे असेल ते तिथेच मिटवायचं. मामा एका कमिटीत होते, चाचाही होते. "काय इशेष नसायचं," मामा म्हणाले. "चहा प्यायचा आन् गटारीवर बोलायचं. कटाळा यायचा. पण बसायचो." डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा हीच भिवंडी, जिच्यावर सगळ्यांचं बोट असायचं, शांत राहिली. त्या कंटाळवाण्या बैठकांनी गाव वाचवलं. मामांची यात्रा ती होती. चाचा आता हयात नाहीत, म्हणून सायकल भंगारात जात नाही.

माझी चूक

आता मी हे का लिहितो आहे ते सांगतो. त्या दिवशी मामांसमोर माझी मान खाली गेली होती.

आपल्या एका गटात 14 सभासदांनी मिळून नदीवरून पाईपलाईन केली. उद्घाटनाला मी होतो, फेटा बांधून घेतला, भाषण केलं. तीन वर्षं पाणी पाळीने व्यवस्थित फिरलं. मागच्या हंगामात त्यांतल्या एकाचा ऊस नोंदीच्या तारखेआधी तोडायला मी चिठ्ठी दिली. एक फोन आला होता आणि मला नाही म्हणता आलं नाही. त्यामुळे शेजारच्या दोघा भावांची तोड लांबली, उसाला तुरा आला आणि वजन घटलं. ते चिडले आणि त्यांनी लाईट बिलाचा वाटा भरायचं बंद केलं. मग दुसऱ्याने बंद केलं. मार्चमध्ये कनेक्शन तुटलं आणि 14 जणांचा खोडवा उन्हात उभा राहिला. सगळ्यांत जास्त नुकसान कुणाचं झालं? पाईपलाईनच्या शेवटच्या टोकाला दोन एकरवाली विधवा बाई आहे तिचं. तिने कुणाशी भांडण केलं नव्हतं की कुणाला फोन केला नव्हता.

भिवंडीहून आल्यावर मी चौदाही घरी गेलो. चिठ्ठी चुकीची दिली हे सगळ्यांसमोर सांगितलं. दोघे भाऊ बरंच बोलले. ते बोलणं मला लागू होतं. थकबाकी सगळ्यांनी वाटून भरली आणि मे महिन्यात मोटार सुरू झाली. बाईंचा निम्मा खोडवा गेला तो गेलाच. आता दर अमावस्येला बैल सोडलेले असतात तेव्हा चौदा जण पंपावर बसतात, मीही जातो. दोघे भाऊ येतात, पण पहिल्या सभासदाशी अजून बोलत नाहीत. तरी येतात. सुरुवातीला एवढं पुरे आहे.

खोडव्याचं गणित

सभासद बंधूंनो, लागणीला उत्साह पुरतो. नवी सरी, नवं बेणं, सगळं घर रानात असतं. तोड झाली, गाडी गेली की आपली पाठ फिरते आणि खोडव्याकडे दुर्लक्ष होतं. जमिनीवरचं संपलेलं दिसतं, पण मूळ खाली जिवंत असतं. म्हणून तोडीनंतर ही कामं टाळू नयेत.

पाचट पेटवू नये. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं, ते सरीत दाबावं. प्रत्येक टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकावं. बुडखे जमिनीलगत छाटावेत. नांग्या भराव्यात. खताची पहिली मात्रा 15 दिवसांच्या आत आणि दुसरी 135 दिवसांनी पहारीने द्यावी. पाणी पाळीने शेवटच्या सरीपर्यंत पोहोचलं की नाही ते स्वतः जाऊन पाहावं.

माणसांच्या गटालाही हेच लागू आहे. पाणीवाटप संस्था असो, बचत गट असो वा आपला कारखाना असो, नारळ फोडायला सगळे येतात. त्यानंतर महिन्याला एकदा चहा पिऊन गटारीवर बोलायला जे येतात, त्यांच्यावर संस्था टिकते.

प्रत्येक पाणी गटाने येत्या अमावस्येला अशी बैठक बोलवावी आणि गट ऑफिसला कळवावं, ही नम्र विनंती. शेवटच्या टोकाच्या सभासदाला पहिल्यांदा बोलू द्यावं. आणि कुणाचाही फोन आला तरी यंदा चिठ्ठी नोंदीच्या तारखेप्रमाणेच निघेल, हे माझं तुम्हा सर्वांना लेखी वचन समजावं.

आपला,
ऊस विकास अधिकारी