वीज गेली तरी दिवा राहावा : फिरत्या सौर वीजगाडीची उभारणी

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने माड-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, घरांची छपरे उडविली आणि विजेचे खांब मुळासकट उपटून टाकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली आणि मंडणगड या तालुक्यांतील अनेक गावांना त्यानंतर कित्येक दिवस, काही ठिकाणी तर कित्येक आठवडे, विजेवाचून काढावे लागले. अंधारापेक्षाही मोठी अडचण होती ती संपर्काची. घराघरांतील भ्रमणध्वनी एकामागून एक बंद पडत गेले, आणि मुंबई-पुण्यास असलेल्या मुलाबाळांना गावाकडील वडीलधाऱ्यांची खुशाली कळेनाशी झाली. पुढील वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' चक्रीवादळाने आणि जुलैमध्ये महाड व चिपळूण येथील महापुराने याच अनुभवाची पुनरावृत्ती केली.

अशा प्रसंगी खांब उभे करून तारा ओढण्याचे काम वीज कर्मचारी रात्रंदिवस करीत असतात. परंतु ते पूर्ण होईपर्यंतचा काळ घरच्या घरी निभावून नेण्यासाठी काही साधन हाताशी असावयास हवे. सूर्यप्रकाशावर चालणारी, चाकांवर बसविलेली लहानशी वीजगाडी हे असे एक साधन होय. ती फार काही देत नाही. मात्र ती जे देते त्याचा हिशेब आधीच मांडून ठेवला, तर घरातील दिवा आणि फोन सहसा बंद पडत नाहीत.

छपरावरील संच असताना गाडी कशासाठी?

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजना' सुरू झाल्यापासून छपरावरील सौरसंच अनेक गावांतून परिचयाचे झाले आहेत. हे संच सर्वसाधारणपणे विजेच्या जाळ्याशी जोडलेले असतात. बाहेरील वीजपुरवठा खंडित झाला की असा संच, डोक्यावर लख्ख ऊन असले तरी, आपोआप बंद होतो. अनेकांना हे नवल वाटते, परंतु त्यात दोष नाही. ती हेतुपुरस्सर केलेली सुरक्षेची व्यवस्था आहे. संच चालूच राहिला असता तर त्याची वीज घरातून बाहेरच्या तारांत शिरली असती आणि खांबावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतले असते.

सौर वीजगाडी मात्र जाळ्याशी जोडलेलीच नसते. तिची पॅनेले, तिची बॅटरी आणि तिचे सॉकेट हे सारे स्वतंत्र असते. शिवाय छपरावर पक्की बसविलेली पॅनेले वादळाच्या तडाख्यात सापडू शकतात. गाडी मात्र वादळाची सूचना मिळताच घरात ओढून घेता येते. वादळ सरल्यावर ती अंगणात येते. कोकणातील वाड्यांत माडांच्या सावल्या दिवसभर सरकत असतात. अशा ठिकाणी ऊन जेथे असेल तेथे पॅनेल नेता येणे हाही मोठाच लाभ होय.

प्रथम गरजेचा हिशेब

गाडी बांधावयास घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसणे आवश्यक आहे. उपकरणाची शक्ती वॅटमध्ये मोजतात. ते जितके तास चालवावयाचे त्या तासांनी वॅटचा आकडा गुणला की वॅट-तास मिळतात. असे एक हजार वॅट-तास म्हणजे वीजबिलावरील एक युनिट.

एका सामान्य कुटुंबाची संकटकाळातील गरज पुढीलप्रमाणे मांडता येईल. ९ वॅटचे तीन एलईडी दिवे प्रत्येकी ५ तास, म्हणजे १३५ वॅट-तास. ३० वॅटचा कमी वीज खाणारा एक पंखा रात्रीचे ८ तास, म्हणजे २४० वॅट-तास. चार भ्रमणध्वनी प्रत्येकी सुमारे २० प्रमाणे ८०, आणि ५ वॅटचा रेडिओ ४ तास म्हणजे २०. एकूण बेरीज ४७५ वॅट-तास होते. बॅटरीतील वीज घरगुती उपकरणांच्या योग्य करणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये सुमारे १५ टक्के शक्ती खर्ची पडते. ती धरता बॅटरीतून दररोज ५६० वॅट-तास काढावे लागतील.

या यादीत इस्त्री, गिझर, विजेची शेगडी आणि पाण्याचा पंप नाहीत, हे ध्यानात घ्यावयास हवे. एक अश्वशक्तीचा पंप ७४६ वॅटचा असतो आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट शक्ती क्षणभर मागतो. लहान गाडीवर तो चालणार नाही. अशा दिवसांत विहिरीवरचा रहाटच उपयोगी पडतो.

बॅटरी आणि पॅनेल

बॅटरीसाठी दोन पर्याय आहेत. शिसे-आम्ल बॅटरी परिचित आणि प्रारंभी स्वस्त असते. परंतु ती निम्म्याहून अधिक रिकामी करणे तिच्या आयुष्यास घातक ठरते, आणि तिचे वजन फार असते. लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी महाग असली तरी ती ८० टक्क्यांपर्यंत रिकामी करता येते, दोन हजारांहून अधिक वेळा भरता येते आणि वजनाने हलकी असते. गाडी ढकलावयाची असल्याने हा दुसरा पर्याय अधिक सोयीचा होय. अशा बॅटरीत चार घट एकापुढे एक जोडून १२.८ व्होल्ट मिळतात. १०० अँपिअर-तासांची बॅटरी घेतल्यास तीत १२८० वॅट-तास साठतात आणि त्यांपैकी सुमारे १०२० वापरता येतात. वरील हिशेबाने एक पूर्ण रात्र आणि दुसऱ्या रात्रीचा मोठा भाग त्यावर निघतो. बॅटरीत संरक्षक मंडल, म्हणजे बाजारात ज्यास 'बीएमएस' म्हणतात ते, असल्याची खात्री करून घ्यावी.

पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतील प्रखर प्रकाशात, पॅनेलचे तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. प्रत्यक्षात उन्हाळ्याच्या दुपारी पॅनेल साठ अंशांपर्यंत तापते आणि तेवढ्याने त्याची शक्ती दहा टक्क्यांहून अधिक घटते. धूळ, तारांतील घट आणि पॅनेलचा कल यांचाही परिणाम होतो. म्हणून लिहिलेल्या आकड्याच्या ७० टक्केच हाती येतील असे धरून चालावे. १२५ वॅटची दोन पॅनेले, म्हणजे एकूण २५० वॅट, घेतल्यास चांगल्या उन्हाच्या दिवशी चार तासांचे पूर्ण ऊन धरून ७०० वॅट-तास मिळतात. रोजची ५६० ची गरज त्यातून भागते.

परंतु संकट बहुधा पावसाळ्यातच येते. आभाळ भरलेले असताना पूर्ण उन्हाचे दोनच तास हिशेबात धरावे. मग ३५० वॅट-तासच मिळतात आणि दररोज तूट येऊ लागते. येथे आधी केलेली यादी कामास येते. यादीतून पंखा वगळला तर गरज २३५ वर, आणि इन्व्हर्टरची घट धरून सुमारे २७६ वर येते. मिळकत खर्चाहून अधिक होते, आणि उरलेल्या विजेवर शेजारच्या तीन घरांतील एकेक फोनही भरता येतो. दिवस फारच अंधारलेला असला तर एकच दिवा आणि एकच फोन ठेवावा. काय प्रथम बंद करावयाचे हे घरातील सर्वांना ठाऊक असले, तर लहान गाडीही लांबचा पल्ला गाठते.

गाडीची बांधणी

गाडीचा सांगाडा लोखंडी कोन-पट्ट्यांचा असावा. गावातील वेल्डिंग करणारा कारागीर तो सहज करून देऊ शकतो. चाके मोठी व रबरी असावीत, म्हणजे अंगणातील खडी आणि उंबरठा ओलांडता येतो. बॅटरी सर्वांत खाली, पट्ट्याने घट्ट आवळून बसवावी. त्यामुळे गाडी कलंडत नाही. जमिनीपासून बॅटरीची उंची मात्र हातभर ठेवावी, कारण अंगणात पाणी साचण्याचा संभव असतो. पूर येणाऱ्या गावी बॅटरी सहज सोडवून माळ्यावर नेता येईल अशी रचना करावी.

पॅनेले गाडीवर कायमची जखडू नयेत. ती सुटी ठेवून दहा मीटर लांबीच्या, ६ चौरस मिलिमीटर जाडीच्या सौर वायरने जोडावीत. त्यामुळे पॅनेले उन्हात आणि गाडी ओट्यावर सावलीत राहू शकते. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते, हे त्याचे कारण. पॅनेलांचे तोंड दक्षिणेकडे ठेवून त्यांस सुमारे वीस अंशांचा कल द्यावा. माडाच्या एका झावळीची सावली पॅनेलच्या लहानशा भागावर पडली तरी त्याचे उत्पादन त्या प्रमाणाबाहेर घटते, म्हणून जागा निवडताना दक्षता घ्यावी.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये ३० अँपिअरचा चार्ज कंट्रोलर बसवावा आणि तो लिथियम बॅटरीसाठी योजून घ्यावा. बॅटरीपासून ५०० वॅटच्या शुद्ध साइन लहरीच्या इन्व्हर्टरपर्यंत जाणारी तांब्याची वायर आखूड आणि किमान १६ चौरस मिलिमीटर जाडीची असावी. बॅटरीच्या धन टोकाशी अगदी लगत ८० अँपिअरचा फ्यूज असलाच पाहिजे. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे. परंतु दोन टोके पान्याने जुळली तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि आग लागू शकते. जोडणी करताना प्रथम बॅटरी व नंतर पॅनेल कंट्रोलरला जोडावे. सोडविताना प्रथम पॅनेल सोडवावे. जोडणी चालू असताना पॅनेल जाड कापडाने झाकून ठेवावे. हे काम परवानाधारक वायरमनकडून किंवा त्याच्या देखरेखीखाली करून घेणे इष्ट होय.

इन्व्हर्टर काहीही न चालविता नुसता चालू ठेवला तरी दहा वॅटपर्यंत वीज खातो. चोवीस तासांत ती २४० वॅट-तास, म्हणजे पंख्याच्या एका रात्रीच्या खर्चाइतकी होते. यासाठी फोन भरण्याकरिता बॅटरीवरून थेट चालणारे यूएसबी सॉकेट बसवावे आणि गरज नसताना इन्व्हर्टर बंद ठेवावा.

एक चूक, जी कदापि होऊ नये

गाडीची वीज घराच्या भिंतीतील सॉकेटमध्ये दोन्ही टोकांस पिना असलेल्या वायरने सोडून घरभर दिवे लावण्याचा मोह काहींना होतो. हा प्रकार अत्यंत धोक्याचा आहे. घरातील २३० व्होल्टची वीज बाहेरच्या तारांतून रोहित्रापर्यंत पोहोचली तर रोहित्र उलट दिशेने काम करते आणि पलीकडच्या तारांत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊ शकतो. लाइन बंद आहे या विश्वासाने खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याचा त्यात बळी जाऊ शकतो. जो आपल्या घरी उजेड आणावयास आला, त्याच्याच जिवावर आपला दिवा उठू नये. म्हणून दिवे, पंखा आणि रेडिओ नेहमी गाडीवरील सॉकेटमध्येच लावावेत.

मर्यादेची आणखी एक बाब स्पष्ट असावी. घरात प्राणवायू यंत्रावर अवलंबून असलेला रुग्ण असेल, तर साधारण ३०० वॅटचे यंत्र या गाडीवर तीन तासांहून कमी चालेल. तेवढ्या अवधीत रुग्णास रुग्णालयात हलविण्याची व्यवस्था करावी. गाडीच्या भरवशावर रात्र काढू नये.

गावाने करावयाचे काम

शाळा आणि ग्रामपंचायत यांनी अशी एकेक गाडी ठेवल्यास तिचा उपयोग साऱ्या गावास होईल. शाळेत ती विज्ञानाचा जिवंत पाठ ठरेल : सकाळ, दुपार आणि सायंकाळची मिळकत मोजून विद्यार्थ्यांनी नोंदवहीत लिहावी, आणि ढगाळ दिवसाशी तिची तुलना करावी. ग्रामपंचायतीने संकटकाळी फोन भरण्याची वेळ व क्रम आधीच ठरवावा. वृद्ध, गरोदर माता आणि आजारी व्यक्ती असलेल्या घरांचा क्रम प्रथम असावा.

देखभाल थोडीच, पण नियमित हवी. महिन्यातून एकदा पॅनेले पुसावीत, जोडण्या घट्ट कराव्यात आणि बॅटरी भरून ठेवावी. मे महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी घराचा मुख्य स्विच बंद करून गाडीवरच सारे व्यवहार चालवून पाहावेत. काही उणीव असल्यास ती पहिल्या वादळापूर्वीच लक्षात येते. निकामी झालेली बॅटरी उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे अथवा नोंदणीकृत संकलन केंद्रात द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

वादळ थांबविणे कोणाच्या हाती नाही. परंतु वादळानंतरच्या पहिल्या रात्री घरात एक दिवा तेवत असावा आणि दूरच्या मुलास 'आम्ही सुखरूप आहोत' एवढे शब्द कळविता यावेत, इतकी तयारी प्रत्येक गावास करता येण्याजोगी आहे. तीसाठी लागणारे ऊन अंगणात पडतेच आहे. गरज आहे ती वेळीच केलेल्या हिशेबाची.